निंबाजीचा उत्तरेचा बाण

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता आणि आजही नाही. सत्यनारायणाच्या पूजेला मी पहिल्या रांगेत बसतो, पण ते शिऱ्यासाठी. उभी हयात नकाशे ट्रेस करण्यात गेली — जिथं रेघ केसभर सरकली की साहेब कागद अंगावर फेकायचे. असल्या धंद्यातल्या माणसाला भास-बिस परवडत नाहीत. तरी हे लिहायला बसलोय, कारण गेल्या महिन्यात नातीच्या ऑफिसात जे पाहिलं त्यानंतर गप्प बसवत नाही. वाचून कोणी मला चांगलं म्हणणार नाही, हे ठाऊक असूनच लिहितोय.

नात ऋतुजा चिखलीला आर्किटेक्ट आहे. दुपारचा वेळ जात नाही म्हणून मी तिच्या ऑफिसात जाऊन बसतो. कॉम्प्युटरवर ती लेआउट काढते — अख्खा नकाशा उचलते, बाजूला ठेवते, कॉपी झाली. आम्हाला ज्याला चार दिवस लागायचे ते ती चहा गार व्हायच्या आत करते. त्या दिवशी तिनं एक बटण दाबलं आणि सगळा लेआउट उलटा झाला. डावीकडचा रस्ता उजवीकडं.

"याला मिरर म्हणतात, आबा. आरशासारखं. आणि गंमत पाहा, अक्षरं उलटी होत नाहीत, सरळच राहतात. तशी सेटिंगच असते."

मी कप खाली ठेवला, कारण अक्षरं सरळ ठेवून नकाशा उलटा करायचं काम मी कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी केलं होतं.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बुलढाण्यात एका सरकारी ऑफिसात मी ट्रेसर होतो. खातं कोणतं ते सांगत नाही. कौलारू छपराची लांब खोली, पूर्वेला चार खिडक्या, त्यांच्याखाली आमची उतरती टेबलं. मागे अंगणात पाण्याचा हौद. काम असं — मूळ नकाशा खाली टाचायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड अंथरायचं. त्या कापडातून खालचं दिसतं. त्यावर चॉकची भुकटी चोळायची आणि शाईनं खालची प्रत्येक रेघ गिरवायची. डोकं चालवायचं नाही. आमचे हेड ड्राफ्ट्समन आपटे साहेब पुण्याचे. ते म्हणायचे, "ट्रेसरला डोळे आणि हात पुरे."

नकाशावर ट्रेसरचं नाव कुठंच येत नाही. पण उत्तर दाखवणारा बाण ज्यानं त्यानं आपल्या पद्धतीनं काढायचा, अशी आमच्या ऑफिसची रीत होती. दुरून बाण पाहिला की काम कोणाचं ते कळायचं. माझा बाण गोलातला, अर्धा काळा भरलेला, एकदम छापील. निंबाजीचा वेगळा. लांब दांडा, आणि शेपटाला तीन बारीक काड्या, त्यातली मधली जराशी लांब. साहेब त्याला कोंबडीचा पाय म्हणायचे.

निंबाजी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. अमडापूरचा. भावांची वांगी-कांद्याची वाडी होती, आणि घराण्यात सरकारी नोकरीत गेलेला हा पहिलाच. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी तो मला भाऊ म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. माझे वडील मास्तर, आमची गल्ली कारकून-मास्तरांची... त्यामुळं ते तसंच असायचं. साहेबांना त्याच्या बोलीची मजा वाटायची. "साहेब, मले रजा पाह्यजे" म्हणाला की साहेब पेन खाली ठेवायचे. "मले नाही, मला. पुन्हा म्हणा." तो पुन्हा म्हणायचा. पुन्हा चुकायचा. खोलीत सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो, आणि मी स्वतः घरी आईशी मले-तुलेच बोलायचो.

आम्ही दोघं तात्पुरते होतो आणि कायम होणार होती एकच जागा. माझं लग्न मेहकरला ठरत आलं होतं. सासरे होणारे गृहस्थ म्हणाले होते, "कायमची ऑर्डर येऊ द्या, मग मुहूर्त काढू." अक्षर माझं चांगलं होतं. रेघेत मात्र निंबाजी माझ्यापेक्षा सरस होता. हे तेव्हाही मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर पोटात दुखायचं.

उंद्रीच्या अलीकडं एक तलाव व्हायचा होता. तलावात एक लहानसं गाव जाणार, म्हणून त्या गावासाठी वरच्या अंगाला नवं गावठाण आखायचं होतं. त्या लेआउटचा मूळ नकाशा आला तो ट्रेसिंगच्या आरपार दिसणाऱ्या कागदावर — नुसत्या रेघा. प्लॉटचे नंबर वेगळ्या यादीत. ठरलं असं, की रेघा आणि बाण निंबाजीनं काढायचे आणि अक्षरं-आकडे मी टाकायचे.

सकाळी त्यानं मूळ कागद टेबलावर टाचला. कागदाचा वरचा एक कोपरा फाटका होता, तो त्याच्या डाव्या हाताला होता. मग तो कापड आणायला साहेबांकडं गेला. कापडाचं ठाण साहेबांच्या कपाटात कुलपात असायचं, सही झाल्याशिवाय वीतभर मिळायचं नाही. तेवढ्या वेळात मी चार टाचण्या काढल्या, कागद पालथा केला आणि परत टाचला.

थट्टा म्हणून. खरंच सांगतो, आधी थट्टाच होती. अर्ध्या तासात त्याच्या लक्षात येईल, खोलीभर हशा होईल, साहेब त्याला दोन शब्द ऐकवतील, एवढंच. पण कागद डावीकडून उजवीकडं पालथा घातला की उत्तर वरच राहते, फक्त पूर्वेची पश्चिम होते. नुसत्या रेघांत ते ओळखायला जागा पाहिलेली लागते. निंबाजीनं कापड अंथरलं, फाटका कोपरा कापडाखाली गेला, आणि त्यानं मान खाली घातली ती घातलीच.

पहिल्या दिवशी मी हसू दाबून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सांगावं असं वाटलं. मग वाटलं, चार तास जास्त राबू दे. तिसऱ्या दिवशी त्यानं मान वर केली आणि मला विचारलं, "भाऊ, हा नाला घरायच्या अंगावर आल्यावानी वाटत नाई का तुमाले?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "ट्रेसरला डोळे आणि हात पुरे, निंबाजी."

तो हसला आणि पुढं गिरवू लागला. चौथ्या दिवशी त्यानं कोपऱ्यात आपला तीन काड्यांचा बाण काढला आणि कापड माझ्याकडं दिलं. उलट्या नकाशावर मी सरळ अक्षरं टाकली. इतकी सुंदर अक्षरं मी आयुष्यात पुन्हा टाकली नाहीत. साहेबांनी आकडे यादीशी ताडून पाहिले, रेघांकडं बघितलंसुद्धा नाही, आणि तपासले म्हणून सही केली.

नकाशाप्रमाणं जागेवर खुंट्या ठोकल्या गेल्या. ओव्हरसियर नवा होता. गावातल्या कोणीतरी त्याला विचारलंही म्हणे, की घरं नाल्याकडं उतारावर आणि गुरांचा गोठाण वर माळावर, हे कसं काय? त्याला उत्तर मिळालं, नकाशात तसंच आहे. लोकांनी पाये खोदले, दगड वाहिले, काहींनी भिंती उभ्या केल्या. मृगाच्या दुसऱ्याच पावसात नाला आला आणि पाये भरून वाहिले. एका म्हातारीची नवी कुडाची भिंत तिच्या अंगावर पडली. म्हातारी वाचली, पाय गेला. मेलं कोणी नाही... हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

मग चौकशी लागली. सही साहेबांची होती, त्यामुळं त्यांना कोणीतरी हवाच होता. त्यांनी निंबाजीला खिडकीशी उभं केलं. ते कापड दोन्ही हातांनी वर धरून काचेला लावायला सांगितलं, म्हणजे उजेडात सगळ्यांना चूक दिसेल. धरून ठेवा म्हणाले. आणि स्वतः टपाल वाचत बसले. तासभर तरी तो तसाच उभा होता. हात थरथरायला लागले तसं कापड काचेवर वाजू लागलं. साहेब मान वर न करता म्हणायचे, "नीट धरा. कोंबडीचा पाय दिसत नाहीये." मी रेघा ओढायचं रूलिंग पेन पुसत होतो, ते आधीच पुसलेलं होतं.

शेवटी निंबाजी माझ्याकडं वळला. "भाऊ, अक्षरं तं तुमी टाकली ना. तुमाले बी दिसलं नाई?"

"मी अक्षरं टाकतो," मी म्हणालो. "रेघा पाहणं माझं काम नाही."

"पन कागद म्या बराबर टाचला होता, साहेब. फाटका कोपरा माह्या डाव्या हाताले होता. काढला तवा उजव्या हाताले निंगाला. तो कसा फिरला?"

साहेब म्हणाले, "माह्या नाही. माझ्या."

दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. जाताना त्यानं आपली निबची डबी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "मले आता काय करायची." निबं चांगली होती. मी ती वापरली.

श्रावणात माझी कायमची ऑर्डर आली आणि मेहकरला मुहूर्त निघाला. इथवर जे लिहिलं त्यात अमानवीय काही नाही. माणसांनीच केलेलं आहे सगळं. पुढचं सांगतो.

तेव्हा प्रिंट उन्हात काढायच्या. काचेच्या मोठ्या चौकटीत ट्रेसिंगचं कापड, त्याखाली मसाला लावलेला कागद, आणि चौकट अंगणात उन्हाला ठेवायची. मग कागद हौदात बुडवायचा, की तो निळा होत जातो आणि पांढऱ्या रेघा उमटतात. हे काम शेख चाचांकडं होतं. ऑफिसातले जुने शिपाई, मोजकं बोलणारे. पावसामुळं बरेच दिवस प्रिंट अडकल्या होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, म्हणून चाचांनी चौकट बाहेर काढली. कायम झाल्यावर मी एकट्यानं केलेला तो पहिला नकाशा, एका साध्या पाटाचा. मीही अंगणात उभा होतो. दुपारचे साडेबारा वाजले असतील.

चाचांनी कागद हौदात बुडवला. निळा चढू लागला, पाटाची रेघ आली, माझी अक्षरं आली... आणि वरच्या कोपऱ्यात बाण आला. लांब दांडा. शेपटाला तीन काड्या, मधली जराशी लांब.

चाचांनी तो कागद पाण्यातच धरून ठेवला. "भाऊ, ये तो निंबाजी का हात है."

मी चौकट उघडून कापड पाहिलं. कापडावर माझा बाण होता. गोलातला, अर्धा भरलेला. मी स्वतः काढलेला. चाचांनी नवा कागद घेतला, चौकट पुसली, पुन्हा उन्हात ठेवली. पुन्हा तीन काड्या. तिसऱ्यांदाही तेच. चाचांनी हात पायजम्याला पुसले आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले.

बोलाबोलीनं साहेब बाहेर आले. त्यांना वाटलं मी चावटपणा करतोय. कापडाचा एक तुकडा आणून दिला, म्हणाले, "माझ्यासमोर बाण काढा, दुसरं काही नको." मी काढला. गोल नीट आला. साहेबांनी तो तुकडा स्वतः चौकटीत घातला, छत्री न घेता उन्हात उभे राहिले, आणि स्वतःच्या हातानं कागद हौदात बुडवला.

पांढरा बाण पाण्याखाली उमटताना साहेबांच्या चष्म्यावर घाम उतरला. ते कोंबडीचा पाय म्हणाले नाहीत. त्यानंतर कधीच म्हणाले नाहीत. एवढंच बोलले, "यापुढं तुम्ही बाण हाच काढत जा. तुमचाच म्हणून."

तेव्हापासून मी निंबाजीचा बाण काढू लागलो. कापडावर तोच, प्रिंटवर तोच, मग कोणी काही विचारायचं कारण उरलं नाही. सगळ्यात घाण वाटलं ते याचं, की तो काढायला मला शिकावं लागलं नाही. त्याच्याच निबनं पहिल्याच झटक्यात जमला.

दिवाळी झाल्यावर मी अमडापूरला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो — सांगून टाकायचं. कागद मी फिरवला म्हणून. एसटीतून उतरून वाडीत पोचलो तेव्हा निंबाजी वांग्यांना पाणी देत होता. फावडं डाव्या हातात. उजव्या हाताला मनगटापासून फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्यात बोटांचा आकार नव्हता.

"इंजनाच्या पट्ट्यात गेला," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. "सवय नाई ना आपल्याले इंजनाची. नोकरी राह्यली असती तं कशाले हात लावला असता."

"कधी झालं?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारीच. ऊन पडलं म्हनून इंजन चालू केलं होतं."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. त्याच्या बायकोनं तांब्या आणून ठेवला. माझ्याकडं न बघता तिनं त्याला विचारलं, "हेच का ते, अक्षरं टाकनारे?"

"हाव. हेच," तो म्हणाला.

ती गेली. निंबाजी माझ्यासमोर उकिडवा बसला, फडक्यातला हात मांडीवर ठेवून. "भाऊ, एक इचारू? तो कोपरा कसा फिरला, समजलं का हो काई? मी लय इचार करून राह्यलो. झोपंत बी तेच. आपलंच चुकलं का, असं वाटते कधी कधी."

एवढं सोपं करून दिलं होतं त्यानं. नुसतं हो म्हणायचं होतं. मला माझी ऑर्डर आठवली, लग्नाच्या पत्रिका आठवल्या, चौकशीचे कागद अजून साहेबांच्या कपाटात आहेत हेही आठवलं. आणि खरं सांगतो, त्याच्या हाताकडं पाहून मला दया आली नाही. मला राग आला, की हा अजून विचारतोय.

"नाही बा," मी म्हणालो. "तुझ्याकडूनच झालं असेल."

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग उठला आणि डाव्या हातानं पिशवीभर वांगी तोडून मला दिली. "आईले द्याजा," म्हणाला. आईनं भरली वांगी केली, आणि मी जेवलो.

निंबाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला कळलं ते तेरावं होऊन गेल्यावर. मी त्याच बाणावर नोकरी पुरी केली. निरोपाच्या दिवशी साहेबलोकांनी भाषणं केली, त्यात एक जण म्हणाला, यांचा उत्तरेचा बाण साऱ्या जिल्ह्यात ओळखू येतो. मी हात जोडले.

आता नातीच्या ऑफिसातलं. मिरर केलेला तो लेआउट तिनं परत सरळ केला आणि प्रिंट काढायला दिला. कोपऱ्यात तिनं कॉम्प्युटरमधलाच तयार बाण टाकला होता, गोलातला. मी स्क्रीनवर पाहिला होता. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला आणि ती थांबली.

"आबा, हे काय आलं?"

लांब दांडा. तीन काड्या, मधली जराशी लांब. तिनं फाइल उघडून पाहिली, स्क्रीनवर गोलातलाच होता. बाण पुसून टाकला, नवा टाकला, प्रिंट काढली. मशीन बंद करून सुरू केली. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून दिली. चार कागद टेबलावर ओळीनं पडले होते, चारही तसेच. ऑफिसात भरदुपार, बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा चालू. ती चिडली होती, घाबरली नव्हती. तिला वाटलं प्रिंटर बिघडला.

मग तिनं एक कागद डोळ्यांजवळ नेला. "पण सुंदर आहे हो. कोणीतरी हातानं काढल्यासारखा वाटतोय. कुठंतरी पाहिलाय मी हा... तुमच्या जुन्या नकाशांवर ना? हा कोणाचा बाण आहे, आबा?"

माझं वय अठ्ठ्याहत्तर. नोकरी संपली, साहेब गेले, बायको गेली. आता मला कोणाचीच भीती नव्हती. कोणी काही हिरावून घेणार नव्हतं.

"माझाच," मी म्हणालो.

ती खूष झाली. तिनं तो बाण स्कॅन करून कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, आणि आता तिच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक नकाशावर तोच जातो. फाइलला नाव दिलंय ‘आबांचा बाण’.

तो बाण पाण्यात कसा उमटला, मशीनमधून कसा आला, याचं उत्तर माझ्याकडं नाही. चाचांकडं नव्हतं, साहेबांकडं नव्हतं. कोणा वाचकाला सुचलं तर कळवा. फाटका कोपरा कसा फिरला याचं उत्तर मात्र माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होतं, आणि ते ज्यानं दोनदा विचारलं, त्याला सोडून आज मी ते तुम्हा सगळ्यांना सांगितलं.